तीन दिवसांचे सांडगे

"ज्या गावात सांडगा वाळत नाही, त्या गावात माझी लेक नांदायची कशी?"

माझ्या बायकोनं, महानंदानं, हा प्रश्न ल्युब्ल्याना शहरातल्या एका चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून विचारला. विचारताना तिनं हात समोरच्या गावाकडं केला होता, पण समोर गाव नव्हतंच, धुकं होतं. खालची नदी, नदीवरचे पूल, पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला, हे सगळं तिथं आहे असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. आम्ही येऊन अकरा दिवस झाले होते आणि किल्ला मी फक्त फ्रिजवरच्या चुंबकावर पाहिला होता.

मी मल्लिनाथ हत्तुरे. बार्शीच्या एसटी आगारात तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाड्या वेळेवर सोडणं हा माझा धंदा, आणि न आलेल्या गाड्यांची कारणं लाउडस्पीकरवरून गोड आवाजात सांगणं हा जोडधंदा. शांभवी आमची एकुलती एक. सोलापूर जिल्ह्याहून थोड्याच मोठ्या असलेल्या या स्लोव्हेनिया देशात ती हवेचा अभ्यास करायला आली, इथंच नोकरीला लागली आणि इथल्याच माटेय नावाच्या मुलाशी लग्न ठरवून बसली. लग्न एप्रिलात होतं. मुलगा उंच, शांत, आणि सहा महिन्यांत ज्वारीची भाकरी थापायला शिकलेला. त्यामुळं जावयाबद्दल महानंदाची तक्रार नव्हती. तक्रार गावाबद्दल होती.

त्यात पुण्याच्या एका संस्थेनं शांभवीला बोलावलं होतं. मार्चअखेर उत्तर द्यायचं होतं. माटेयची यायची तयारी होती, पण शांभवीचं मन इथं, तिच्या कामात होतं. ती मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अप्पा, आई मनापासून हो म्हणाली तरच मी इथं राहीन. तिचा चेहरा असा ठेवून मला इथं संसार मांडता येणार नाही. मग पुणं तर पुणं."

"तुझी आई हो म्हणलीय की."

"ते लग्नाला. गावाला नाही."

पोरीनं बरोबर ओळखलं होतं. महानंदाच्या हो-हो मध्ये फरक असतो आणि तो ओळखायला मला पंधरा वर्षं लागली होती.

आता सांडग्यांचं. आमच्याकडं लग्नघरातलं पहिलं काम म्हणजे मुहूर्ताचे सांडगे. चांगला दिवस बघायचा, पाच बायकांनी बसायचं, वाटलेल्या डाळीचे बोराएवढे गोळे कापडावर घालायचे आणि उन्हात वाळवायचे. सांडगे खडखडीत वाळले की लग्नघर कामाला लागतं. नासले तर कुणी काही बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात ते राहतं. महानंदा बार्शीहून दोन किलो मुगाची डाळ घेऊन आली होती, आणि वाळवायला ऊनही बरोबर आणता आलं असतं तर तेही तिनं बॅगेत भरलं असतं.

"आई, ओव्हनमध्ये दोन तासांत होतील," असं शांभवी एकदाच म्हणाली. महानंदानं तिच्याकडं नुसतं बघितलं. ओव्हनचा विषय तिथंच मिटला.

मग शांभवीनं जुळ्याचा विषय काढला.

जुळं म्हणजे तिचं यंत्र. इथल्या भाषेत त्याला 'द्वोय्चेक' म्हणतात, अर्थ तोच. मला ते तिनं जसं समजावलं तसंच सांगतो. प्रत्येक शहराच्या रस्त्याखालून, भिंतींवरून, गच्च्यांपर्यंत इंटरनेटच्या काचेच्या तारा गेलेल्या असतात. या तारेत लेझरचा एक झटका सोडला की त्यातला अगदी किंचित उजेड काचेतल्या कणांना आपटून माघारी फिरतो. काच गरम असेल तर त्या उजेडाचा रंग जरा निराळा, गार असेल तर जरा निराळा. माघारी यायला किती वेळ लागला त्यावरून तो किती लांबून आला ते कळतं. म्हणजे संदेश वाहायला टाकलेली तार आपसूक दर मीटरला एक थर्मामीटर झाली. पुढं तारेच्या आवरणात ओल शोषणारा थर घातला, तेव्हा दमटपणाही कळायला लागला. उपग्रहाला शहर दिसतं, या तारेला प्रत्येकाची बाल्कनी दिसते.

पण खरी करामत पुढं होती. जुळं नुसती हवा मोजत नव्हतं, जुळवत होतं. ऊन, थंडी, ओल, वारा, धूळ, उजेडाचा तिरपेपणा, हवेचा दाब, अशा सात मापांवर ते जगातल्या कुठल्याही गावची कुठलीही घटका दुसऱ्या गावच्या घटकेशी ताडून बघायचं आणि सांगायचं, तुमच्या अमुक गावातली दिवाळीतली सकाळ परवा तमुक गावाच्या तमुक चौकात, दहा वीस ते बारा चाळीस.

हे यंत्र आल्यापासून इथल्या लोकांना हवेचं वेडच लागलं होतं. ल्युब्ल्याना आणि समुद्रकाठचं ट्रिएस्ट, या दोन शहरांत सरळ रेषेत अंतर बार्शी-सोलापूरएवढंच. मध्ये देशाची हद्द लागते, पण विचारत कुणी नाही. मात्र सोलापुरात जे ऊन तेच बार्शीत, तसं इथं नाही. ल्युब्ल्याना डोंगरांच्या वाटीत बसलंय. हिवाळ्यात जड गार हवा वाटीच्या तळाला साचते, वरून उबदार हवेचं झाकण बसतं आणि धुकं दिवसच्या दिवस आत कोंडून राहतं. त्याच वेळी ट्रिएस्टला लोक बिनबाह्यांच्या सदऱ्यात समुद्राकडं तोंड करून बसलेले. त्यामुळं इथल्या कचेऱ्यांनी 'धुक्याची रजा' सुरू केली होती. सकाळी नऊच्या गाडीनं अर्धं शहर उन्हाला जायचं आणि संध्याकाळी लाल नाकानं परत यायचं. उन्हाळ्यात उलटं. ट्रिएस्ट चिकचिकायला लागलं की तिकडचे लोक इकडच्या डोंगरांच्या गारव्याला. डॉक्टर गोळ्यांऐवजी गाव लिहून द्यायला लागले होते. घर भाड्यानं देणारे जाहिरातीत खोल्यांच्या आधी धुक्याचे दिवस छापत.

आमच्या खालच्या मजल्यावर समीराबाई राहायच्या. मूळच्या अलेप्पोच्या, वय साठीचं, आयुष्य शिवणकामात गेलेलं. जुळ्यानं 'आज' म्हणून कळवलं की लगेच त्या डबा घेऊन ट्रिएस्टला जायच्या, कारण तिथल्या धक्क्यावरच्या एका बाकावर वर्षातून नऊ-दहा दिवस अलेप्पोची कार्तिकातली दुपार होते. आम्ही सगळेच कानात दुभाषा घालून बोलायचो. त्याला मराठी येत होती, पण पुण्याची, त्यामुळं समीराबाई माझ्या कानात सदाशिव पेठेत वाढल्यासारख्या बोलायच्या.

"हवा अगदी तीच मिळते हो," त्या एकदा मला जिन्यात म्हणाल्या. "फक्त ती अंगावर घेऊन 'आज काय छान पडलंय' असं म्हणायला शेजारी कुणी नसतं."

मला त्या बाईचं वाईट वाटलं. आणि महानंदाचंही असंच होईल का, अशी भीतीही वाटली.

शांभवीनं आईसाठी गुपचूप एक बेत आखला होता. जुळ्याला बार्शीतली वाळवणाची हवा शोधायला लावायची. अडचण अशी की बार्शीत या तारा नव्हत्या. आमच्या गच्चीवर त्या-त्या दिवशी हवा किती तहानलेली होती हे कोण सांगणार? तर ते सांगणारी एक नोंदवही घरातच होती. महानंदा लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वाळवणाची नोंद ठेवते. 'सांडगे घातले. तीन दिवस.' 'कुरडया. सहा दिवस.' एकतीस वर्षांच्या दिनदर्शिका पत्र्याच्या पेटीत जपलेल्या. निघायच्या आधी महानंदा देवळात गेली की मी त्या पानांचे फोटो काढून शांभवीला धाडायचो. चोरी करणाऱ्याला जी मजा येते ती मला साठीला आली.

शांभवीनं संस्थेच्या प्रयोगशाळेत मुगाचे सांडगे घातले, कुठल्या हवेत ते किती वेगानं पाणी सोडतात ते मोजलं आणि आईच्या नोंदींवरून उलटं गणित मांडलं. तीन दिवसांत सांडगा वाळवणारी हवा कशी असेल? जुळ्यानं उत्तर दिलं, कुठं लांब जायलाच नको. ल्युब्ल्यानातच, आमच्याच बाल्कनीत, मंगळवार ते गुरुवार धुकं उठणार आहे. जुळणी शंभरात एक्क्याण्णव.

पोरगी आनंदानं नाचली. आईच्या गावची हवा आपल्याच बाल्कनीत निघाली म्हटल्यावर कोण नाचणार नाही?

मंगळवारी खरंच धुकं उठलं आणि किल्ला दिसला, चुंबकावर होता तसाच. महानंदानं पंचांग बघितलं, खालून समीराबाईंना बोलावलं, शांभवीच्या तीन मैत्रिणी आल्या, पाच झाल्या. सांडगे घातले गेले. ऊन पडलं होतं, पण ते अंगाला कोमट पाण्यासारखं लागायचं. महानंदा दुपारी एक सांडगा बोटानं दाबून आत आली आणि पुन्हा पंचांग उघडून बसली.

बुधवारी सांडगे चिकट होऊन त्यांना तार सुटली. गुरुवारी सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर आंबूस वास आला.

महानंदानं कापड गोळा केलं, गाठ मारली आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "लग्नाला माझी ना न्हाई, शांभवी. तुम्ही दोघं सुखानं राहा. पण मुहूर्ताचे सांडगे नासले, आता माझं मन या गावात लागायचं न्हाई. लग्न झालं की मी जाते. पुन्हा यायचा आग्रह करू नगंस."

शांभवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, सगळं बरोबर होतं गं. एकूण एक आकडा जुळत होता."

"कसला आकडा? तुझ्या यंत्राला काय कळतंय सांडग्यातलं? पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वरनं खडखडीत झाला न्हाई तर तो आंबणारच. तीन-तीन दिवस कोण वाळवतंय का सांडगे?"

मी हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. "अगं, तूच लिहिलंयस की! एकतीस वर्षं! तीन दिवस म्हणून!"

"कुठं लिहिलंय मी?"

मग चोरी कबूल करावी लागली. पेटी, दिनदर्शिका, फोटो, सगळं. मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. पण महानंदा माझ्याकडं बघेना, शांभवीकडं बघेना. ती खाली मान घालून गाठोड्याच्या गाठीशी चाळा करायला लागली, आणि तिचे कान लाल झाले. तीस वर्षांत मी तिला लाजलेली अशी दोनदाच पाहिली असेल.

"ते खरं न्हाई," ती म्हणाली.

"काय खरं नाही?"

"तीन दिवस. एका दिवसात वाळायचे. सकाळी घातले की संध्याकाळी डब्यात."

शांभवी खुर्चीत ताठ झाली. "मग तीन का लिहायचीस?"

"पहिल्या वर्षी खरंच लिहिलं होतं. 'एका दिवसात वाळले, पांढरेशुभ्र.' शेजारच्या चेन्नम्माकाकू रोज साखर मागायला यायच्या आणि भिंतीवरचं सगळं वाचायच्या. म्हणल्या, बाई बाई, एका दिवसात! आमच्या गच्चीत तर वाळतच न्हाईत! दुसऱ्या दिवशी वावटळ आली आणि आख्खं वाळवण गटारात. तवापासनं मी तिप्पट लिहिते. नजर लागाय नको."

मग शांभवीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मला वाटलं रडायली. ती हसत होती. पोट धरून हसत होती, आणि माटेय स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी धावत आला तर त्याला सांगताही येईना.

"आई, नेहमी तिप्पट? कधी दुप्पट, कधी चौपट, असं नाही ना?"

"न्हाई की. एकाचे तीन, दोनाचे सहा. खोटं लिहायचं तर त्यालाही काही शिस्त पाहिजे."

"आणि कुर्डूवाडीची नोंद? आत्याच्या घरची? तिथं तू सांडग्यांना एकच दिवस लिहिलायस. मला वाटलं चुकून लिहिलं असेल, म्हणून मी ती नोंद काढून टाकली."

"ती खरी हाय. दुसऱ्याच्या घरचं मी कशाला झाकू? तिप्पट फक्त आपल्या घरचं."

शांभवीनं आईच्या गालाचा मुका घेतला आणि संगणकाकडं धावली. जाता जाता मला समजावून गेली. मापात चूक असणं वाईट नसतं, चूक बेशिस्त असणं वाईट. घड्याळ रोज दहा मिनिटं पुढं असलं तर त्यावर गाडी पकडता येते. कधी पुढं कधी मागं असलं तर फेकून द्यावं लागतं. महानंदाचं घड्याळ एकतीस वर्षं नेमानं पुढं होतं. सगळ्या आकड्यांना तिनानं भागलं की झालं. आगारात असताना वरच्या साहेबांना मी गाड्यांच्या उशिराचे आकडे असेच नेमानं निम्मे करून कळवायचो, ही गोष्ट मी त्या वेळी सांगितली नाही.

नवं उत्तर यायला चार मिनिटं लागली. आता हवा तिप्पट तहानलेली हवी होती. शांभवीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि माटेयला हाक मारली. माटेयनं बघितलं आणि तो जागचा हललाच नाही.

ट्रिएस्टच्या मागं, समुद्रापासून वर, कार्स्ट नावाचं खडकाळ पठार आहे. जुळ्यानं त्या पठारावरच्या एका खेड्यातलं एक अंगण दाखवलं होतं. शनिवार, सकाळी नऊ चाळीस ते दुपारी चार. ते अंगण माटेयच्या आईचं होतं.

"पण तिथं नऊ डिग्री आहे," शांभवी म्हणाली, "आणि बुर्या सुटणार आहे."

बुर्या म्हणजे इथला वारा. पठाराच्या पलीकडं, देशाच्या आतल्या बाजूला, गार हवा साचत राहते. टाकी भरली की कठड्यावरून पाणी सांडतं तशी ती एके दिवशी पठारावरून समुद्राकडं कोसळते, ताशी शंभर किलोमीटरनं. खाली येताना हवा दाबली जाते, दाबली की थोडी तापते, आणि तापली की तिची तहान वाढते. महानंदाला शांभवी म्हणाली, "आई, सांडगा उन्हानं वाळत नाही. हवेच्या तहानेनं वाळतो. बार्शीत हवा तापलेली असते म्हणून तहानलेली असते, आणि जागेवर उभी राहून सावकाश पाणी पिते. इथली थोडी कमी तहानलेली आहे, पण ती थांबतच नाही. एक घोट घेऊन गेली की मागून दुसरी हजर. हिशेब तोच येतो."

महानंदानं एकदा पडद्याकडं बघितलं. मग उठून तिनं उरलेली एक किलो डाळ काढली. "मुहूर्त?" मी विचारलं.

"वाळतील तो मुहूर्त," ती म्हणाली. मला ती बाई त्या क्षणी फार आवडली.

शनिवारी आम्ही समीराबाईंना घेऊन निघालो. बोगद्यातून गाडी पलीकडं निघाली आणि धुकं मागं राहिलं. आभाळ असं निळं की डोळे मिटावेत. गाडीतून उतरताना मात्र दारानंच मला धक्का दिला. झाडं सगळी एकाच दिशेला झुकलेली. घरांच्या छपरांवर कौलं उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. महानंदा साडीवर माटेयचं जाकीट घालून, पदर कमरेला खोचून, वाटलेल्या डाळीचं पातेलं पोटाशी धरून चालत होती.

माटेयची आई, मिलेनाबाई, फाटकात उभ्या होत्या. रुंद बांध्याची, मोठ्यानं हसणारी बाई. त्यांनी महानंदाला मिठी मारली, पातेल्यासकट. "या, या! तुमच्यासाठी गावातली सगळ्यांत चांगली जागा रिकामी केलीय," असं त्या म्हणाल्या आणि आम्हाला माळ्यावर घेऊन गेल्या.

माळ्याला चारी बाजूंनी झडपांच्या खिडक्या होत्या. वारा आरपार वाहत होता. वाळवणासाठी याहून सरस जागा पृथ्वीवर नसेल. फक्त अर्ध्या माळ्यावर आढ्याला डुकराच्या मांड्या टांगलेल्या होत्या, साठेक तरी असाव्यात, वर्षभर त्याच वाऱ्यात वाळणाऱ्या. तो त्यांचा पिढीजात व्यवसाय होता.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा हळू काढतात.

मिलेनाबाई अभिमानानं बघत होत्या. माटेय भिंतीकडं बघत होता. शांभवीनं डोळे मिटले होते. मी तेहतीस वर्षं तुंबलेल्या फलाटांवर काढली, पण असा खोळंबा बघितला नव्हता.

महानंदानं पातेलं घट्ट धरलं. "विहीणबाई," ती म्हणाली, "जागा लई चांगली हाय. तुमचं मन त्याहून चांगलं. पण माझे सांडगे या पाहुण्यांच्या शेजारी राहायचे न्हाईत."

दुभाष्यानं ते कसं पोचवलं कुणास ठाऊक. मिलेनाबाईंनी आधी मांड्यांकडं बघितलं, मग महानंदाकडं, आणि खदाखदा हसल्या. "माझी सासूसुद्धा अंजिरं इथं वाळवू द्यायची नाही. वास लागतो म्हणायची. चला खाली."

अंगणाला दगडी भिंत होती. मिलेनाबाईंनी गोठ्यातून सासूच्या अंजिरांच्या चौकटी काढल्या, लाकडी, वर-खाली बारीक जाळी लावलेल्या. खालच्या जाळीवर कापड अंथरायचं, त्यावर सांडगे, वरून दुसरी चौकट, सुतळीनं बांधायचं आणि वर छपरावरचा दगड. शेजारच्या दोघी कुतूहलानं आल्या. महानंदा, समीराबाई, त्या दोघी, मिळून चार झाल्या.

मिलेनाबाई मागं सरून उभ्या होत्या. शांभवी आईच्या कानाशी लागली, "आई, त्यांचे यजमान नाहीत. तुला चालेल का?"

"मला म्हाईत हाय," महानंदा म्हणाली. "वारा त्यांच्या अंगणातला, चौकटी त्यांच्या सासूच्या, आणि त्यांनाच बाजूला बसवू व्हय?" तिनं विहिणीला हात धरून शेजारी बसवलं आणि पहिला सांडगा त्यांच्या हातानं घालून घेतला.

पाच बायका पाच देशांतल्या असल्यासारख्या बोलत होत्या आणि हात एकाच लयीत चालत होते. समीराबाई म्हणाल्या, अलेप्पोला त्यांच्या गच्चीवर वांगी अशीच वाळवत, दोरीत ओवून. मग एकदम थांबून, तोंडावर वारा घेत त्या म्हणाल्या, "आज काय छान पडलंय!"

"पडलंय खरं," महानंदा म्हणाली.

तीन वाजता महानंदा चौकटींभोवती फिरत होती. सांडगे दिसायला पांढरे झाले होते, पण ती जाळीतून बोट घालेना. मला कळत होतं, तिला दाबून बघायची भीती वाटत होती. तेवढ्यात एक जोराचा झोत आला, कोपऱ्यातल्या चौकटीची सुतळी तुटली, वरची जाळी उघडली आणि सुटे झालेले सांडगे भुर्रकन हवेत उडाले.

"धरा! अहो, धरा!" महानंदा ओरडली. कानातल्या दुभाष्याच्या आधी तिचा आवाज सगळ्यांना कळला. मिलेनाबाईंनी एप्रन पसरला, समीराबाईंनी डोक्यावरचा रुमाल काढून जाळं केलं, माटेय भिंतीवर चढून क्रिकेटपटूसारखे झेल घ्यायला लागला. शेजारणी किंचाळत होत्या आणि हसत होत्या. मी मध्ये उभा राहिलो आणि एक सांडगा येऊन माझ्या चष्म्यावर आपटला. टक्!

महानंदा जागच्या जागी थांबली. "आवाज ऐकला का?"

तिनं तो सांडगा माझ्या पायाजवळून उचलला, कानाशी नेऊन नखानं वाजवला, मग दातांखाली धरला. कडकन मोडला. ती वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर यायच्या आत वाळून जात होतं.

संध्याकाळी मिलेनाबाईंच्या चुलीवर मूठभर सांडगे तळले. पानात पडायच्या आत संपले. शांभवी आईला काही विचारत नव्हती. पुण्याला उत्तर द्यायला आठच दिवस उरले होते आणि पोरगी नुसती आईच्या चेहऱ्याकडं बघत होती. मलाही विचारायचं धाडस होईना.

निघताना महानंदा स्वयंपाकघरात मागं राहिली. मी बोलवायला गेलो. भिंतीवर मिलेनाबाईंची बियाण्यांच्या दुकानातून मिळालेली दिनदर्शिका होती. महानंदानं पेन मागून घेतलं होतं आणि त्या दिवसाच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात लिहीत होती. मी खांद्यावरून वाचलं.

'मुहूर्ताचे सांडगे. तीन दिवस.'

"अगं, इथं मराठी कुणाला वाचता येतंय?" मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? लेकीचं घर हाय. नजर लागाय नको," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

माझ्यामागं शांभवी उभी होती. तिनं ते वाचलं, 'तिप्पट फक्त आपल्या घरचं' हे आठवून मनातल्या मनात तिनानं भागलं, आणि 'आई' म्हणून तिच्या गळ्यात पडली.